अंकांचा द्वारपाळ

मोठ्या शहरांतील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभांत ज्या विषयांवर कडाक्याचा वाद होतो, त्यांत पाणी, वाहनांची जागा व थकलेली वर्गणी यांच्या जोडीला अलीकडे आणखी एका विषयाची भर पडली आहे. जिन्याच्या मुख्य दाराला आकड्यांच्या कळांचें यंत्र, ज्यास व्यवहारांत कीपॅड म्हणतात तें, बसवावें कीं नाहीं, हा तो विषय. वाद बहुधा खर्चावरून होतो. तीन ठिकाणचीं दरपत्रकें येतात, त्यांतील स्वस्त तें मंजूर होतें, आणि एके दिवशीं एक कारागीर येऊन भिंतीस भोकें पाडतो, तारा ओढतो, चौकटीच्या वरच्या अंगास चुंबक बसवितो व दोन-चार तासांत निघून जातो. त्या दिवसापासून दार चार आकड्यांचा एक गुप्त अंक विचारूं लागतें. ज्यास तो ठाऊक असेल तो आंत येतो; ज्यास नसेल तो बाहेर राहतो. या सर्व प्रकारांत नीतीचा कांहीं प्रश्न असेल, अशी शंकाही कोणास येत नाहीं. सुतारकाम व तारकाम यांपलीकडे त्यांत कांहीं आहे असें कोणास वाटत नाहीं.

आमचें म्हणणें याहून निराळें आहे. दाराशीं कोणास अडवावें व कोणास सोडावें, हा मनुष्यांच्या व्यवहारांतील एक अत्यंत जुना नैतिक प्रश्न आहे. यंत्र बसविल्यानें तो सुटत नाहीं. एका वेळेवरून उचलून तो दुसऱ्या वेळेवर ठेवला जातो, इतकेंच. पूर्वीं त्याचा निर्णय दार ठोठावलें जाई त्या क्षणीं होत असे. आतां तो यंत्र बसवितांनाच होऊन जातो, आणि पुढें दाराशीं जो कोणी येईल त्याच्या वांट्यास त्या जुन्या निर्णयाचा अंमल तेवढा येतो. असें असल्यामुळें, जो विचार पूर्वीं द्वारपाळ करी, किंवा करावा अशी अपेक्षा असे, तो सगळा विचार यंत्र बसविणारानें आधींच करून ठेवला पाहिजे. तो कोणता, हें पाहण्याचा या लेखांत यत्न केला आहे.

प्रथम कुलुपाविषयीं. कुलूप चोरास थांबवितें अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. लंडनमधील ब्रामा यांच्या दुकानाच्या खिडकींत त्यांचें एक कुलूप कित्येक वर्षें मांडलेलें होतें, व तें किल्लीवांचून उघडणारास दोनशें गिनींचें बक्षीस जाहीर केलेलें होतें. १८५१ सालीं, लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळीं, हॉब्स नांवाच्या अमेरिकन कारागिरानें तें उघडून दाखविलें. सोळा दिवसांत मिळून त्यास सुमारें ५१ तास लागले. तात्पर्य, निश्चयी व निष्णात मनुष्यास सवड मिळाली तर कुलूप उघडतेंच. कुलुपाचें मुख्य काम, येथें एक मर्यादा आहे व ती विचारल्यावांचून ओलांडूं नये, हें सामान्य मनुष्यास सांगणें हेंच होय. घराच्या उंबरठ्याचाही अर्थ हाच आहे. मर्यादा सांगण्यांत वाईट कांहीं नाहीं. ती कोणास, कोणत्या रीतीनें व कशासाठीं सांगितली, यावर तिचें बरेंवाईटपण ठरतें.

कोणी म्हणेल, कुलूप हा मुळांतच अविश्वास आहे, आणि अविश्वास हा दुर्गुण आहे. मग कीपॅडाची चर्चा कशास? या आक्षेपास आपल्याच महाराष्ट्रांतील एक उदाहरण उत्तर देतें. नेवासें तालुक्यांतील शनिशिंगणापूर या गांवीं घरांस दारें व कुलुपें न लावण्याची रूढि प्रसिद्ध आहे. २०११ सालीं युको बँकेनें तेथें शाखा उघडली, तेव्हां गांवच्या भावनेस मान देऊन पारदर्शक कांचेचें दार बसविलें, आणि त्यास सहज दृष्टीस न पडणारें, दुरून चालविलें जाणारें विद्युच्चुंबकीय कुलूप लावलें, असें वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालें. हें वाचून कित्येकांस हंसूं येईल. आम्हांस मात्र त्यांत ढोंग दिसत नाहीं. स्वतःच्या घराचें दार उघडें टाकण्यास मोठें मन पुरतें. परंतु दुसऱ्याची ठेव ज्याच्यापाशीं आहे, त्यास आपल्या मनाच्या मोठेपणावर दुसऱ्याचा पैसा उघड्यावर टाकण्याचा अधिकार नाहीं. चाळीस बिऱ्हाडांच्या वतीनें काम पाहणारी समितिही अशाच विश्वस्ताच्या जागीं असते. तिनें दारास कुलूप लावलें तर तिला दोष देतां येणार नाहीं. तेव्हां कुलूप असावें कीं नसावें, हा आमचा प्रश्न नव्हे. तें कोणत्या प्रकारें वागेल, हा आमचा प्रश्न आहे.

किल्लीचें कुलूप आणि अंकाचें कुलूप यांत एक मूलगामी भेद आहे. किल्ली ही वस्तु आहे. अंक हें ज्ञान आहे. वस्तु दुसऱ्यास दिली कीं आपल्या हातची जाते, व मागितली कीं परत येते. ज्ञान दिल्यानें आपल्यापाशीं उणें होत नाहीं, आणि एकदां दिलें कीं परत घेतां येत नाहीं. विद्येच्या ठिकाणीं ज्या गुणाची आपले सुभाषितकार स्तुति करीत आले, तोच गुण दाराच्या ठिकाणीं अडचणीचा होतो. स्वयंपाकास येणाऱ्या बाईंनीं काम सोडलें, तर पूर्वीं त्या जातांना किल्ली ओट्यावर ठेवून जात. त्या ठेवण्यांत उभयतांच्या संबंधाचा एक सभ्य शेवट असे. अंक कोठें ठेवून जावयाचा? तो तर त्यांच्या स्मरणांत आहे. मग दोनच मार्ग उरतात. एक तर त्यांच्या सचोटीवर पूर्वींइतकाच विश्वास ठेवून अंक तसाच राहूं द्यावा. नाहीं तर त्यांच्या जाण्याबरोबर सर्वांचा अंक बदलावा, आणि त्यांच्यावरचा संशय चाळीस बिऱ्हाडांत दवंडी पिटल्याप्रमाणें जाहीर करावा.

हा गुप्त अंक गुप्त तरी किती असतो? चार आकड्यांच्या दहा हजार संख्या होतात, सहा आकड्यांच्या दहा लाख. कागदावर हें मोठें दिसतें. परंतु वर्षानुवर्षें एकच अंक चालू ठेवला, तर त्याच्या चार कळा बोटांच्या घासण्यानें गुळगुळीत होतात. आणि कोणत्या चार कळा झिजल्या हें एकदां दिसलें, कीं त्यांच्या चोवीसच मांडण्या शिल्लक राहतात. कित्येक ठिकाणीं तर कारखान्यांतून यंत्राबरोबर आलेला मूळ अंक बदलावयाचाच राहून जातो. चार आकड्यांची प्रथा कशी पडली, याची एक हकीकत सांगतात. १९६७ च्या जूनमध्यें लंडनच्या उत्तरेस एन्फील्ड येथें बार्कलेज बँकेनें पैसे देणारें यंत्र बसविलें. त्याचे कर्ते जॉन शेपर्ड-बॅरन, ज्यांचा जन्म आपल्या शिलाँगचा, यांनीं पुढें असें सांगितलें कीं, आपण प्रथम सहा आकडे योजिले होते. परंतु आपणांस चारच लक्षांत राहतात असें पत्नी म्हणाली, म्हणून चार ठरले. गुप्ततेचें माप येथें चोराच्या चातुर्यावरून ठरलें नाहीं, घरच्या मनुष्याच्या स्मरणशक्तीवरून ठरलें. आणि तेंच योग्य झालें. पण ज्यांच्या स्मरणांत चार आकडेही राहत नाहींत, त्यांचें काय? वार्धक्यानें ज्यांचें स्मरण क्षीण झालें आहे असे एखादे आजोबा संध्याकाळीं फिरून परत येतात, आणि ज्या घरांत तीस वर्षें काढलीं त्याच्याच दाराशीं परके होऊन उभे राहतात. किल्लीनें त्यांस कधीं परीक्षेचा प्रश्न घातला नव्हता. ती कनवटीस असली कीं पुरत असे.

आतां द्वारपाळाकडे वळूं. जुन्या वाड्यांस दिंडीदरवाजा असे व देवडीवर पहारेकरी बसे. त्याचें वेतन लहान, पण अधिकार एका दृष्टीनें मोठा होता. कारण समोर उभा असलेला मनुष्य कोण, कोणत्या अडचणींत व कोणत्या हेतूनें आला, हें पाहून नियम ताणावा कीं सैल सोडावा, हें त्याच्या हातीं होतें. मध्यरात्रीं सुईणीस आणण्यास निघालेला मनुष्य आणि मध्यरात्रीं गांठोडें घेऊन निघालेला मनुष्य यांतील भेद त्यास कळे. कीपॅडास हा भेद कळत नाहीं. अंक बरोबर असेल तर गांठोडेंवाला सुखानें जातो, आणि चुकला तर सुईण बाहेर तिष्ठत राहते.

परंतु मनुष्य असूनही द्वारपाळ यंत्राप्रमाणें वागूं शकतो, हें आपली एक आख्यायिकाच सांगते. रायगडावर दूध घालण्यास आलेल्या हिरकणीस सूर्यास्तानंतर दरवाजे बंद झालेले आढळले. घरीं तान्हें मूल आहे म्हणून तिनें विनविलें. पहारेकऱ्यांनीं हुकूम दाखविला. तेव्हां ती माता अंधारांत कडा उतरून गेली. महाराजांच्या कानीं हें आलें, तेव्हां त्यांनीं तिचा गौरव केला, आणि ती जेथून उतरली तेथें बुरूज बांधविला. या कथेंत मातृप्रेमाइतकीच राज्यकर्त्याची दृष्टि पाहण्याजोगी आहे. बुरूज बांधल्यानें गडाची उणीव भरून निघाली, म्हणजे दार अधिकच पक्कें झालें. परंतु त्या पक्केपणास ज्या मातेस अडविलें तिचेंच नांव मिळालें. नियम चालवावयाचाच असला, तरी तो कोणास बोंचला हें विसरूं नये, असा त्याचा अर्थ आम्ही घेतों.

येथवर वाचून, आम्ही जुन्या पहारेकऱ्याची बाजू घेत आहों, असें कोणास वाटेल. पण तशी गोष्ट नाहीं. माणसाच्या हातीं विवेक दिला कीं त्याबरोबर त्याचे पूर्वग्रहही त्याच हातीं जातात. नाशिकच्या काळाराम मंदिरापुढें २ मार्च १९३० रोजीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह सुरू झाला, तेव्हां मंदिराचीं दारें बंद करून घेण्यांत आलीं. तीं दारें कोणत्याही यंत्रानें बंद केलेलीं नव्हतीं. समोर कोण उभें आहे हें नीट पाहून, ओळखून व विचार करून माणसांनींच तीं बंद केलीं होतीं. आजही एखाद्या श्रीमंत वस्तींतील रखवालदार मोटारींतून आलेल्या अनोळखी मनुष्यास सलाम करतो, आणि पायीं आलेल्या, मळक्या कपड्यांच्या मनुष्यास नांव, गांव, काम सर्व विचारतो. कीपॅड हें करीत नाहीं. त्यास जात दिसत नाहीं, वस्त्र दिसत नाहीं, भाषेचा हेल ऐकूं येत नाहीं. जो अंक दाबील त्यास तो सारखाच वागवितो. हा त्याचा गुण खरा आहे, आणि तो आम्ही मनापासून मान्य करतों.

तथापि हा समभाव अंक दाबल्यानंतरचा आहे. अंक कोणास द्यावयाचा, हें ठरविणारे तेच आपण असतों, आणि तेथें आपले पूर्वग्रह जसेच्या तसे बसलेले असतात. रहिवाशांस अंक द्यावा. भाडेकरूंस मालकाच्या पत्रावांचून देऊं नये. घरकामास येणाऱ्या बायकांस, झाडलोट करणारास, वर्तमानपत्रें टाकणाऱ्या मुलास मुळींच देऊं नये, त्यांनीं घंटा वाजवून खोळंबावें, असा ठराव होतो. रखवालदारानें हेंच केलें असतें तर त्याच्याशीं भांडतां आलें असतें. त्यास लाज वाटण्याचा तरी संभव होता. यंत्र करूं लागलें कीं भांडणास जागा राहत नाहीं. दोष कोणाचा म्हणून पाहूं गेल्यास भिंतीवरची एक पाटी तेवढी दिसते. अन्याय कमी होत नाहीं, पण तो करणारा मनुष्य दृष्टीआड होतो. पूर्वग्रहाचें काम पूर्वग्रहरहित यंत्राकडून करवून घेण्याची ही युक्ति आम्हांस उघड पूर्वग्रहाहूनही अधिक घातक वाटते. कारण तींत आपलें मन आपणांसच निर्मळ भासूं लागतें.

सर्वांस एकच अंक देण्यांतील अडचणी ध्यानांत आल्यावर अर्थातच दुसरी योजना पुढें येते, ती अशी कीं प्रत्येकास निराळा अंक द्यावा. आजच्या यंत्रांत असे शेंकडों अंक सांठवितां येतात. एकजण काम सोडून गेला तर त्याचा तेवढा अंक पुसावा. इतरांस तोशीस नाहीं व कोणाचा जाहीर अपमानही नाहीं. वर सांगितलेल्या बाईंच्या अडचणीचें हें चांगलें उत्तर आहे, आणि बहुतेक ठिकाणीं हाच मार्ग पत्करावा असें आमचेंही मत आहे. परंतु त्याची किंमत निराळ्या ठिकाणीं द्यावी लागते. अंक निराळा झाला कीं तो मनुष्याचें नांव होतो. आणि असल्या बहुतेक यंत्रांस, कोणत्या अंकानें दार किती वाजतां उघडलें, याची नोंद ठेवतां येते. दाराच्या राखणीसाठीं आणलेलें यंत्र रोजनिशी लिहूं लागतें, आणि ती रोजनिशी आपली नसून दुसऱ्यांची असते.

कुलुपास स्मरणशक्ति असावी ही कल्पना नवी नाहीं. १८१८ सालीं इंग्लंडांत जेरेमाया चब यांनीं असें कुलूप तयार केलें कीं, त्यांत कोणी खोटी किल्ली किंवा हत्यार घालून खटपट केली, तर आंतील एक खटका अडकून बसे, व मालकानें पुढें खरी किल्ली घातली म्हणजे मागें कोणी हात लावला होता हें त्यास कळे. पण त्या कुलुपास लबाडाचीच तेवढी आठवण राही. प्रामाणिक मनुष्य कितीदां आला-गेला, याची त्यास शुद्ध नसे. आजचें यंत्र याच्या उलट आहे. त्याच्या नोंदींत प्रामाणिक मनुष्यच अधिक भरलेला असतो. कारण चोर आपल्या नांवाचा अंक दाबून आंत येत नाहीं. तरुण मुलगी रात्रीं किती वाजतां परतली, घरकामाची बाई कोणत्या दिवशीं पंधरा मिनिटें उशिरां आली, म्हाताऱ्या वडिलांस भेटण्यास मुलगा महिन्यांतून कितीदां आला, हें सर्व त्या यंत्रास ठाऊक असतें, आणि यंत्र ज्याच्या ताब्यांत असेल त्यासही ठाऊक होऊं शकतें.

२४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानें खासगीपणा हा राज्यघटनेनें दिलेला मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय एकमतानें दिला. आणि २०२३ सालीं संसदेनें वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा जो कायदा केला, त्यांत, ज्या कामासाठीं माहिती घेतली तें काम संपल्यावर ती पुसून टाकावी, हें तत्त्व घातलें आहे. कायद्याचा अंमल कोठवर पोंचतो हा वकिलांचा विषय आहे. आमचा विषय त्या तत्त्वापुरता आहे, आणि तें जिन्याच्या दारासही तंतोतंत लागूं पडतें. चोरी झाली तर पाहावें म्हणून नोंद ठेवली असेल, तर चोरी झाली नसतां ती पाहूं नये, व ठराविक दिवसांनंतर ती पुसावी. यासाठीं एक साधी कसोटी सुचवितों. ज्या नोंदींत घरकामाच्या बाईंची वेळ लिहिली जाते, त्याच नोंदींत समितीच्या अध्यक्षांचीही लिहिली जाते. ती सर्वांपुढें वाचली जाण्यास अध्यक्ष तयार आहेत काय? नसतील, तर बाईंची वेळ वाचण्याचाही अधिकार त्यांस नाहीं.

यापुढचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे, आणि दरपत्रकांत तो एका बारीक ओळींत लपलेला असतो. वीज गेली म्हणजे दारानें काय करावें? विजेचीं कुलुपें दोन प्रकारचीं असतात. एका प्रकारांत वीज गेली कीं दार सुटतें. दुसऱ्यांत वीज गेली तरी तें बंदच राहतें. धंद्यांत पहिल्यास फेल-सेफ व दुसऱ्यास फेल-सिक्युअर म्हणतात. चौकटीस बसविलेलें चुंबक पहिल्या प्रकारांत मोडतें, कारण विजेवांचून त्यास ओढ नाहीं. तरी बॅटरी जोडलेली असली तर बाहेरची वीज गेल्यावरही तें कांहीं तास दार धरून ठेवतें. तेव्हां वरवर तांत्रिक दिसणाऱ्या या प्रश्नाचा खरा अर्थ असा आहे कीं, जेव्हां सर्व व्यवस्था कोलमडेल तेव्हां आपण मालाची बाजू घेणार कीं माणसाची?

या प्रश्नाचें चुकीचें उत्तर किती महाग पडतें, हें न्यू यॉर्कमधील ट्रँगल नांवाच्या शिलाईच्या कारखान्यांत २५ मार्च १९११ रोजीं दिसून आलें. इमारतीच्या वरच्या तीन मजल्यांवर हा कारखाना होता. आग लागली तेव्हां नवव्या मजल्यावरील जिन्याचें एक दार कुलूपबंद होतें. कामकरणींनीं दुसऱ्या दारानें जावें व जातांना त्यांच्या पिशव्या तपासतां याव्या, अशी तेथील रीत होती. १४६ माणसें मेलीं. त्यांतील बहुतेक परदेशांतून आलेल्या तरुण मुली होत्या. पुढें खटल्यांत, चोरीस गेलेल्या मालाची किंमत २५ डॉलरांपलीकडे नसावी, असें मालकांपैकीं एकानेंच साक्षींत मान्य केलें. तरीही डिसेंबर १९११ मध्यें दोघे मालक निर्दोष सुटले. कारण दार त्या क्षणीं बंद होतें हें त्यांस ठाऊक होतें, असें पंचांच्या मनास पटविणें फिर्यादी पक्षास साधलें नाहीं. याच देशांत, ८० वर्षांनीं, ३ सप्टेंबर १९९१ रोजीं, हॅम्लेट या गांवीं कोंबडीचें मांस तयार करण्याच्या कारखान्यांत दारें बंद असल्यामुळें २५ माणसें आगींत मेलीं. या वेळीं मालकास शिक्षा झाली. मेलेल्यांस त्याचा उपयोग नव्हता.

ट्रँगलच्या निकालांत आमच्या सगळ्या विवेचनाचें सार आलेलें आहे. दार बंद करणारा मनुष्य, तें दार ज्या क्षणीं जीव घेतें त्या क्षणीं तेथें नसतो. त्यास खरोखरच कांहीं ठाऊक नसतें. न ठाऊक असणें हा न्यायालयांत बचाव होऊं शकतो. सदसद्विवेकबुद्धीपुढें तो टिकत नाहीं. कारण पुढें जें होणार तें पाहण्यासाठीं आपण तेथें नसूं, हें त्यास दार बंद करतांनाच ठाऊक होतें. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेनें, बाहेर पडण्याचें दार ज्या बाजूच्या लोकांसाठीं आहे त्या बाजूनें किल्लीवांचून उघडलें पाहिजे, असें सांगितलें आहे तें याचसाठीं. कीपॅड बाहेरून येणारास विचारण्यासाठीं आहे. आंतून जाणारास त्यानें कांहीं विचारूं नये. आंतून मूठ फिरविली कीं दार उघडावें, अंधारांत, धुरांत, लहान मुलाच्याही हातानें उघडावें. आणि चुंबक असेल तर आगीची घंटा वाजतांच त्याची वीज तुटावी. चोर आंत शिरण्याची भीति थोडी वाढली तरी चालेल. घरांतील मनुष्य बाहेर पडूं न शकण्याची भीति तिळमात्र राहतां कामा नये.

एक शेवटचा मुद्दा रखवालदाराचा. यंत्राचा खर्च मंजूर करतांना बहुधा असा हिशेब मांडला जातो कीं, रखवालदाराचा पगार वांचेल व दोन-तीन वर्षांत यंत्र फिटेल. हिशेब म्हणून तो बरोबर असेल. पण त्यांत एक रकम मांडावयाची राहून जाते. रखवालदार दार उघडण्याखेरीज आणखी पुष्कळ कामें करी. आजोबा अंक विसरले तर तो त्यांस हात धरून आंत नेई. शाळेंतून लवकर सुटलेल्या मुलास आई येईपर्यंत आपल्या खुर्चीवर बसवी. तिसऱ्या मजल्यावरच्या एकट्या बाई दोन दिवस खालीं उतरल्या नाहींत, हें प्रथम त्याच्या लक्षांत येई. या कामांचा पगार त्यास कधीं मिळाला नाहीं, म्हणून तीं कामें हिशेबांत नाहींत. त्यास काढूं नये असा नियम आम्ही घालीत नाहीं. कित्येक लहान संस्थांस त्याचें वेतन खरोखरच झेपत नाहीं. पण त्यास काढावयाचें असेल, तर तीं कामें कोण करणार, हें नांवानिशीं ठरवूनच काढावें. नाहीं तर वांचलेला पैसा म्हातारे, मुलें व एकट्या राहणाऱ्या माणसांकडून वसूल केलेला असेल.

असो. आमची सूचना एवढीच कीं, कारागीर भिंतीस भोक पाडण्यापूर्वीं समितीनें एक कागद घेऊन चार ओळी लिहाव्या. अंक कोणास मिळेल, व ज्यास नाकारला त्यास तें कोण व कोणत्या कारणानें सांगेल. नोंद किती दिवस राहील, व ती कोण, केव्हां पाहील. वीज गेली किंवा आग लागली तर आंतील मनुष्य कसा बाहेर पडेल. आणि जो अंक विसरला, ज्याचे हात कांपतात, ज्यास आंकडे वाचतां येत नाहींत, तो दाराशीं उभा राहिला तर कोणती घंटा वाजवील व ती ऐकून कोण उठेल. या चार ओळी लिहितां आल्या, तर यंत्र खुशाल बसवावें. तें चांगलें काम करील. लिहितां आल्या नाहींत, तर आपणांस दाराचा बंदोबस्त हवा नसून दाराशीं येणाऱ्या माणसांपासून सुटका हवी आहे, असें समजावें, आणि त्यासाठीं कोणतेंही कुलूप पुरें पडणार नाहीं.